कु. शर्मिला बोरकर यांचे संशोधनकार्य

वाघोली, १० जुलै २०२४

आदरणीय टाकसाळे सर,

सा. न.

आपल्याला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा आपण "लेखी कळवा" म्हणून फोन ठेवलात, म्हणून हे पत्र. मी प्रियदर्शनी ढोमणे, मूळची वर्ध्याची. सर्जेराव विधी महाविद्यालयात वर्षभरापासून सहायक प्राध्यापक आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. आपण इथे वीस वर्षं ग्रंथपाल होतात. कॉलेजातली कुठलीही जुनी गोष्ट विचारली की सगळे धायरीला आपल्या घराकडे बोट दाखवतात.

कॉलेजला यंदा पंचवीस वर्षं होतायत आणि डिसेंबरात मूल्यांकन समिती येणार आहे. सचिव रणजितदादांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, आपल्या संशोधन केंद्रांचा गौरवशाली इतिहास लिहा. शंभर पानं तरी होऊ द्या. पुस्तक झालं की तुमची कायम नेमणूक." कुठल्या केंद्रांचा, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "ते तुम्ही शोधायचं. संशोधन म्हणतात ते हेच ना?"

सर, मला ही नोकरी हवी आहे. चार वर्षांत तीन कॉलेजं आणि पाच भाड्याच्या खोल्या झाल्या. दर मे महिन्यात आई विचारते, "या वर्षी तरी झालीस का कायम?" आणि मी विषय बदलते.

स्टोअररूममध्ये पत्र्याचा एक बोर्ड सापडला. त्यावर रंगाचे इतके थर आहेत की नखानं खरवडलं तर एकाखाली एक आठ केंद्रांची नावं निघतात. ही आठही केंद्रं खरोखर होती का? कृपया कळवावे.

आपली नम्र,
प्रियदर्शनी ढोमणे


धायरी, १६ जुलै २०२४
जा. क्र. १

प्रा. ढोमणे यांस,

पत्र पोचले. फोनवर बोललेलं फाइलला लावता येत नाही, म्हणून मी फोनवर महत्त्वाचं बोलत नाही. बिनमहत्त्वाचं बोलायला घरात पत्नी आहे, पण तिला वेळ नाही.

केंद्रं होती. पहिलं मानवाधिकार केंद्र, २००१ साली. दिल्लीहून कोणी पाहुणे यायचे होते आणि त्यांच्या हस्ते करायला काहीतरी हवं होतं. खोली क्रमांक चौदा रिकामी होती. त्यांनी फीत कापली, केंद्र झालं. मग पर्यावरण कायदा केंद्र आलं. त्याच्या उद्घाटनाचा मांडव बसेना, म्हणून आवारातली चिंचेची दोन झाडं तोडली. सायबर कायदा केंद्राला एक संगणक मिळाला होता. कॉलेजात धूळ फार, म्हणून तो संस्थापक सर्जेरावांच्या बंगल्यावर ठेवला आणि त्यावर त्यांचे चिरंजीव, म्हणजे आपले रणजितदादा, पत्ते खेळायला शिकले. तंटा निवारण केंद्रावर चुकून दोन संचालक नेमले गेले. खुर्ची एक होती. तो दावा अजून कोर्टात चालू आहे. बौद्धिक संपदा केंद्राचं माहितीपत्रक दुसऱ्या एका कॉलेजचं जसंच्या तसं छापलं होतं, त्यांच्या प्राचार्यांच्या फोटोसकट. उरलेल्या तीन केंद्रांबद्दल सांगण्यासारखं एवढंही नाही.

आपल्याकडे केंद्र कधी बंद पडत नाही, कारण बंद करण्याचा समारंभ नसतो. पुढच्याचं उद्घाटन ठरतं, रंगारी येतो आणि त्याच बोर्डावर नवं नाव घालून जातो. खोली तीच, समई तीच, श्रोतेही तेच, कारण त्या दिवशी पहिल्या वर्षाचे तास रद्द करून पोरांना आणून बसवतात.

एवढ्यात शंभर पानं व्हायची नाहीत. फोटो मोठे छापा.

ब. म. टाकसाळे


वाघोली, २ ऑगस्ट २०२४

आदरणीय सर,

आपण माझी चांगलीच फिरकी घेतलीत!

तळघरात मला लाल रेक्झिनच्या बांधणीतले एकोणीस वार्षिक अहवाल सापडले, २००१ ते २०१९. केवढं काम झालंय सर! विहिरींची मालकी आणि शेजारधर्म, मार्केट यार्डातल्या तोंडी सौद्यांचा पुरावा म्हणून विचार, देवस्थानच्या जमिनी. भाषा अशी की मी दोन रात्री तेच वाचत बसले. आणि हे सगळं एकाच व्यक्तीचं! मानवाधिकारापासून सायबरपर्यंत, सगळ्या केंद्रांत संशोधक एकच : कु. शर्मिला बोरकर. एवढी विद्वान बाई, आणि कॉलेजात तिचा साधा फोटोसुद्धा नाही. मला खरंच राग आला. माझ्या पुस्तकाचं मधलं प्रकरण मी त्यांच्यावरच लिहितेय.

एक नाजूक गोष्ट. प्रत्येक अहवालात त्यांचा पत्ता 'द्वारा टाकसाळे, धायरी' असा आहे. प्रश्न खासगी वाटला तर उत्तर देऊ नका, पण त्या आपल्याकडेच राहत होत्या का? काही नाती चारचौघांना समजावून सांगता येत नाहीत, हे मी समजू शकते.

आपली,
प्रियदर्शनी


धायरी, ९ ऑगस्ट २०२४
जा. क्र. २

प्रा. ढोमणे यांस,

आपलं पत्र माझ्याआधी पत्नीने वाचलं.

कु. बोरकर यांचा नाद सोडा. फोटो मोठे छापा.

ब. म. टाकसाळे

ता. क. तीन दिवस झाले, माझा चहा मीच करतो आहे.


वाघोली, १२ सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,

उशीर झाला. कच्चा मसुदा मी रणजितदादांना देऊन बसले होते. त्यांनी वाचला नाही, पण अनुक्रमणिका बघितली. तेवढ्यात त्यांना शर्मिला बोरकर दिसल्या. "एकोणीस वर्षं आपल्याकडे संशोधन करणारी बाई, आणि मला कोणी बोललं नाही?" असं म्हणून त्यांनी रौप्यमहोत्सवात बाईंना जीवनगौरव जाहीर केला. शाल, श्रीफळ, मानपत्र. त्यांना घेऊन येण्याची जबाबदारी माझी.

मी पगारपत्रक बघितलं, हजेरीपट बघितला, ग्रंथालयाचे सभासद बघितले. कुठेच नाव नाही. विद्यापीठात विचारलं, तिथेही कोणी ऐकलेलं नाही. सर, मला एक शंका येतेय आणि ती मला परवडणारी नाही. त्या आहेत ना?

प्रियदर्शनी


धायरी, १७ सप्टेंबर २०२४
जा. क्र. ३

चि. प्रियदर्शनीस,

नाहीत.

पहिल्या केंद्राचं वर्ष संपलं तेव्हा अहवाल पाठवायचा होता आणि लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून यायचं? प्राचार्य म्हणाले, "टाकसाळे, तुमचं अक्षर चांगलं आहे, लिहून टाका." मी लिहून टाकलं. संशोधकाचं नाव हवं होतं, ते बनवलं. पत्ता हवा होता, मला माझाच पाठ होता. पुढच्या वर्षी कोणी काही विचारलं नाही, म्हणून पुन्हा लिहिलं. असं एकोणीस वर्षं. पुस्तकं माझ्याच ताब्यात होती, वेळ भरपूर होता, त्यामुळे निबंध बरे उतरले. पण घडलेलं त्यात काही नाही. उपस्थितीचे आकडे मी दरवर्षी थोडे वाढवत असे.

एक अपवाद आहे आणि तो माझा नाही. २००८चा अहवाल काढ. 'हक्कसोडपत्रे व भगिनींची संमती : एकेचाळीस मुलाखती'. तो माझ्या पत्नीचा, कौशल्याचा. ती धायरीत ब्लाउज शिवते. इकडच्या जमिनींना भाव आला त्या वर्षांत तिच्या एक लक्षात आलं. भाऊबीज नाही, लग्नकार्य नाही, आणि एखादी बाई माहेरची भारी साडी घेऊन ब्लाउज शिवायला येते. कौशल्या माप घेता घेता विचारायची, "काय निमित्त?" उत्तर ठरलेलं असे, "काय न्हाय, एक सही केली." वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून दिल्याची सही. साडी त्याबद्दलची. मग कौशल्या विचारी : कागद वाचला होतास का? कोणी वाचून दाखवला का? कशाचा आहे म्हणाले? ती उत्तरं ती मापाच्या वहीत, छाती-कंबरेच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवी.

कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाचं नाव केंद्राच्या कामात चालत नसे, म्हणून तेही बोरकरबाईंच्या खात्यावर गेलं. शिवाय ते कोणाच्या नजरेस पडू नये असं मला वाटत होतं, आणि लपवायला वार्षिक अहवालाइतकी सुरक्षित जागा कॉलेजात दुसरी नव्हती.

मी भित्रा माणूस आहे. तुला आधी सांगायला हवं होतं.

ब. म. टाकसाळे

(खालचा मजकूर वेगळ्या अक्षरात)

मुली, चहा मी परत सुरू केलाय. सत्काराला मी येणार नाही, मला गिऱ्हाइकं आहेत. पण त्या एकेचाळीस जणी खऱ्या आहेत. मुलाखत सतरा नीट वाच. — कौशल्या


वाघोली, २५ नोव्हेंबर २०२४

सर आणि काकू,

रणजितदादांना मी सांगितलं की शर्मिला बोरकर परदेशी आहेत. मला वाटलं सत्कार रद्द होईल. ते खूश झाले. म्हणाले, "परदेशी? मग नाव मोठ्या टायपात घ्या."

मुलाखत सतरा वाचली. वय अठ्ठावन्न, सासर धायरी, माहेर वाघोली. १९९८ साली भावानं जीपमधून रजिस्ट्रारच्या कचेरीत नेलं. म्हणाला, शाळेला मंजुरी हवी तर घरातल्या सगळ्यांची सही लागते. कागद कोणी वाचून दाखवला नाही. हिरवी साडी मिळाली. 'त्या जागेवर आता कायद्याचं कॉलेज आहे,' असं शेवटचं वाक्य आहे. म्हणजे त्या सर्जेरावांच्या धायरीला दिलेल्या सख्ख्या बहीण, आनंदीबाई. रणजितदादांच्या आत्या.

मी खोली चौदात बसूनच हे वाचत होते. पाय जमिनीवर ठेवायलाही कसंसं झालं.

पुस्तक परवा छपाईला जातंय. बाकीच्या अहवालांतलं खोटं सगळं मी काढून टाकलं. त्यामुळे केंद्रांच्या इतिहासात आता उद्घाटनं उरली, आणि काकूंच्या एकेचाळीस मुलाखती, बोरकरबाईंच्याच नावानं. मुलाखत सतरा पान ७३वर आहे. तेवढं पान वाचून घ्या, असं मी रणजितदादांना दोनदा म्हटलं. ते म्हणाले, "वाचायला समिती येतीय ना?" आणि त्यांनी प्रस्तावना सांगितली : 'महिलांच्या मालमत्ता हक्कांवरील हे मूलगामी संशोधन म्हणजे आमच्या घराण्याच्या संस्कारांचे फळ होय.' खाली सही.

पान ७३ ठेवलं तर नोकरी जाईल, हे मला कळतं. काढलं तर कोणालाच कळणार नाही. माझ्या आईनंही मामाला अशी एक सही दिली होती. तिला तर साडीही नाही मिळाली. काय करू?

प्रियदर्शनी


धायरी, २६ नोव्हेंबर २०२४
जा. क्र. ४ (कुरिअरने)

चि. प्रियदर्शनीस,

पान ७३ काढ. झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी कायम हो, मग काय सत्य सांगायचं ते सांग.

ब. म. टाकसाळे

काढू नकोस. कायम झालेल्या माणसाने वीस वर्षं काय सांगितलं ते मी बघितलंय. — कौशल्या


वाघोली, २० जानेवारी २०२५

सर आणि काकू,

दोन्ही सल्ले एकाच लिफाफ्यात आले. मी काकूंचा घेतला.

समितीनं काही वाचलं नाही. अध्यक्षांनी पुस्तक हातात घेऊन वजन बघितलं, "भरीव काम आहे" म्हणाले आणि जेवायला गेले. शेरा उत्तम मिळाला. रणजितदादांना इतका आनंद झाला की निवडणूक तोंडावर असल्यामुळे त्यांनी पुस्तकाची प्रत पेढ्यांच्या पुड्यासोबत भावकीत आणि सोयऱ्यांकडे घरोघरी पाठवली.

आनंदीबाईंची नात ऋतुजा आपल्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं पेढा खाता खाता आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "सतरा लंबर म्हंजी म्याच की गं." मग आणखी वाचायला लावलं, आणि मग शेजारणींना बोलावलं. आता रोज दोघी-तिघी खोली चौदाच्या दाराशी येऊन विचारतात, "शर्मिला म्याडम कुठं बसत्यात?" शिपाई त्यांना माझ्याकडे पाठवतो.

रणजितदादांना कळलं तेव्हा ते ओरडतील असं वाटलं होतं. ते हसले. स्वतःची प्रस्तावना त्यांनी आता कुठे वाचली होती. पुस्तक नाकारायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी त्यांच्या घरातला जुना उपाय काढला : नववं केंद्र. 'भगिनी सन्मान संशोधन केंद्र', अध्यक्ष स्वतः, उद्घाटन आत्याच्या हस्ते, ९ फेब्रुवारीला. रंगारी येऊन गेला.

समारंभात आत्यानं एका कागदावर सही करायची आहे. वर 'शुभसंदेश' असं लिहिलंय. खाली तिसऱ्या ओळीत आहे की १९९८चं हक्कसोडपत्र मी वाचून, समजून-उमजून, राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाला बळी न पडता करून दिलं होतं आणि माझी काही तक्रार नाही. आनंदीबाई रणजितदादांवर आता विश्वास ठेवत नाहीत. माझ्यावर ठेवतात. म्हणून कागद पुढे मी करायचा.

माझ्या कायम नेमणुकीचा आदेश टाइप करून तयार आहे. दादांनी तो मला दाखवला आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला. "तिकडं तिची सही झाली की इकडं माझी."

मला झोप येत नाही.

प्रियदर्शनी


धायरी, २४ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनी,

या पत्राला जावक क्रमांक घातलेला नाही.

मागे मी तुला चुकीचा सल्ला दिला. या वेळी देत नाही. वीस वर्षं खोटं लिहिणाऱ्या माणसाला तू काय कर हे सांगायचा अधिकार नाही, आणि खरं सांगायचं तर तुझी नोकरी जावी असंही मला वाटत नाही. तू माझी कोणी नाहीस, तरी दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

समारंभाला माझे गुडघे येऊ देणार नाहीत. गुडघ्यांचं निमित्त आहे, हे कौशल्याला माहीत आहे. ती येईल. जे होईल ते मला लेखी कळव.

तुझा,
बद्रीनाथ टाकसाळे


वाघोली, ११ फेब्रुवारी २०२५

सर,

काकूंनी सांगितलंच असेल. पण तुम्ही लेखी मागितलंत.

हॉल भरला होता. पहिल्या वर्षाची पोरं आणून बसवली होती आणि या वेळी मागच्या चार रांगांत धायरी-वाघोलीच्या बायका होत्या, न बोलावता आलेल्या. स्वागत झालं, समई लागली. रणजितदादांचं भाषण झालं, त्यात त्यांनी तीनदा डोळे पुसले. मग सूत्रसंचालक म्हणाला, "आता आदरणीय आत्यासाहेब शुभसंदेशावर स्वाक्षरी करतील," आणि मी कागद आणि पेन घेऊन पुढे गेले.

खोटं सांगत नाही सर, तोपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. कागद पुढे करावा, त्यांनी सही करावी, संपून जावं, असंही मनात आलं. आईला फोन करून काय सांगायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

आनंदीबाईंनी पेन घेतलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, माझा चष्मा घरी ऱ्हायला. काय लिवलंय ह्यात?"

रणजितदादा शेजारून पटकन म्हणाले, "आत्या, शुभेच्छा हायत फकस्त. कर तू."

मी माइक हातात घेतला आणि कागद वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. तिसरी ओळ दोनदा वाचली. मग ती साध्या मराठीत सांगितली : यावर सही केलीत तर तुम्ही असं म्हणाल, की त्या दिवशीचा कागद तुम्हाला कळला होता आणि तुमचं काही म्हणणं नाही.

आनंदीबाईंनी पेनचं टोपण लावलं. माइककडे तोंड नव्हतं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "रणजित, तवा तुझ्या बापानं मला आसं वाचून दावलं आस्तं, तर म्या तवाबी सही केली नस्ती. आता तर न्हाईच करत."

सवयीनं सूत्रसंचालक म्हणाला, "जोरदार टाळ्या!" आणि पहिल्या वर्षाच्या पोरांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मागच्या चार रांगांतल्या बायकांनी मात्र सवयीनं वाजवल्या नाहीत. त्या थांबेचनात.

काल मला कार्यमुक्तीचं पत्र मिळालं. 'सेवेची आवश्यकता नाही.' रणजितदादांनी ते स्वतः दिलं नाही, शिपायाबरोबर पाठवलं. मी खोलीवर जाऊन पोटभर रडले आणि मग आईला फोन केला. कायम झाले नाही, असं सांगितलं. का नाही, तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा कागदही मामाकडे असेल बघ. मागून घेऊ का?"

आज सकाळी माझी पुस्तकं न्यायला कॉलेजवर गेले. वॉचमननं आत सोडलं नाही, पुस्तकं बाहेर आणून देतो म्हणाला. मी गेटासमोरच्या रसवंतीच्या बाकावर वाट बघत बसले. तेवढ्यात ऋतुजाबरोबर एक बाई आली, पन्नाशीची असेल. मला नीट न्याहाळलं. पदराखालून प्लॅस्टिकच्या पिशवीतला घड्या पडलेला स्टॅम्पपेपर काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"सही तर धा वर्सामागं करून बसलीया," ती म्हणाली. "आता तरी कुणी वाचून दावा."

तिच्यामागे आणखी सहा जणी उभ्या होत्या. मी बाकावर सरकून तिला जागा केली आणि वाचायला लागले.

तुमची,
प्रियदर्शनी